डिस्कवर्ल्ड पुन्हा वाचताना: पंधरा वर्षांनी काय टिकलं, काय नाही

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय निघाला माझ्या मावसबहिणीमुळे. ती एकोणीस वर्षांची आहे. मी तिला मोठ्या उत्साहाने टेरी प्रॅचेटचं 'द कलर ऑफ मॅजिक' दिलं. डिस्कवर्ल्ड मालिकेतलं पहिलं पुस्तक, 1983 सालचं. आठवड्याने तिने ते परत आणून दिलं. साठेक पानं वाचली होती. म्हणाली, "दादा, खरं सांग, तुला यात हसू येतं?"

लागलं ना मला ते! कारण तिच्याच वयाचा असताना होस्टेलवर मी ही पुस्तकं अक्षरशः खाल्ली होती. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एकेक जमवलेली, कुणाचं मुखपृष्ठ गायब, कुणाची शेवटची पानं सुटी. रूममेट झोपलेला असताना तोंडावर उशी दाबून हसायचो. मग प्रश्न पडला, पुस्तकं भारी होती की मी एकोणीस वर्षांचा होतो? ते बघायला गेलं वर्षभर परत वाचत बसलो. एकूण 41 कादंबऱ्या आहेत. त्यातल्या तेवीस झाल्या. तेवढ्या भांडवलावर आज बोलतोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर. कासव अंतराळात पोहतंय. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे कूर्मावतार मंदार पर्वत पाठीवर घेतो, आठ दिशांना आठ दिग्गज आहेत, आणि पृथ्वीचा भार शेषनागाकडे. हे सगळं युरोपात सांगोवांगी पोचता पोचता एकावर एक रचलं गेलं आणि 'हिंदूंचं जग हत्ती-कासवावर असतं' अशी एक गोष्ट तिकडे रूढ झाली. प्रॅचेटने ती उचलली. म्हणजे आपलंच भांडं शेजारी जाऊन वेगळीच भाजी घेऊन परत आलं.

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. पहिली दोन-तीन पुस्तकं परत वाचताना मलाही फारसं हसू आलं नाही. कारण सोपं आहे. ती विडंबनं आहेत. 1970-80च्या काळात इंग्रजीत तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन यांच्या कादंबऱ्यांचं पीक आलं होतं, त्यांची टिंगल आहे ती. मूळ माल वाचलाच नसेल तर टिंगल कळणार कशी? एक प्रसंग मात्र आजही झकास आहे. टूफ्लॉवर नावाचा भोळा पर्यटक शहरातल्या एका गुत्तेवाल्याला आगीचा विमा म्हणजे काय ते समजावतो. गुत्तेवाला हिशोब करतो, आणि शहर पेटतं. यात जादू नाही, ड्रॅगन नाही, फक्त माणसाची हाव आहे. म्हणून ते टिकलंय.

इथेच माझ्या लक्षात आलं की या मालिकेत टिकलेलं आणि शिळं झालेलं यांच्यात फरक कशाचा आहे. जिथे विनोद दुसऱ्या पुस्तकांवर आहे तो शिळा झालाय. जिथे विनोदाच्या खाली लेखकाला कसला तरी खरा राग आलाय, तो अजून ताजा आहे.

उदाहरण द्यायचं तर 'मेन ॲट आर्म्स', 1993. सॅम व्हाइम्स हा अंख-मॉरपॉर्क शहराच्या पहारेकऱ्यांचा कॅप्टन. पगार महिन्याला 38 डॉलर. चांगले चामड्याचे बूट 50 डॉलरला, ते वर्षानुवर्षं चालतात. त्याला परवडतात ते 10 डॉलरवाले, ते एक-दोन मोसमात फाटतात. दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर शंभर डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. श्रीमंत श्रीमंत राहतात, कारण त्यांना कमी खर्च करावा लागतो! एकोणिसाव्या वर्षी हे वाचून मी फक्त 'हॅ हॅ' केलं होतं. आता वाचताना आठवलं की होस्टेलच्या चार वर्षांत मी फुटपाथवरच्या किती चपला घेतल्या. आणि तुमच्या हातातला फोन घ्या ना. 28 दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला तेरा वेळा पैसे. वर्षाचा एकदम मारला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतो, पण एकदम तेवढे पैसे कुणाकडे असतात? ज्याला स्वस्ताची गरज नाही त्याच्याकडे. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये महागाई भडकली, तेव्हा गरिबीविषयी काम करणाऱ्या जॅक मन्रो यांनी सगळ्यात स्वस्त वस्तूंच्या किमतींचा एक निर्देशांक जाहीर केला. त्याला नाव दिलं व्हाइम्सच्या बुटांचं, आणि प्रॅचेटच्या कुटुंबीयांनी त्याला आनंदाने परवानगी दिली. विनोदी कादंबरीतलं एक पान असं बाहेर येऊन कामाला लागलं.

'स्मॉल गॉड्स' (1992) तर मला पहिल्यापेक्षा जास्त आवडलं. एक मोठा देव पृथ्वीवर अवतरतो आणि बघतो तर आपण कासव झालोय. कारण लाखो भक्तांपैकी खरा विश्वास ठेवणारा एकच पोरगा उरलाय. बाकीचे देवाला नाही, देवाच्या संस्थेला घाबरतात. आणि गंमत बघा, या धर्मसंस्थेचा आग्रह असतो की जग गोल आहे. ते सपाट असून कासवावर आहे असं म्हणणाऱ्यांना शिक्षा! गॅलिलिओचा किस्सा असा उलटा केलाय. देवाचं नाव 'ऑम' आहे, आपल्याला ते वाचताना जरा दचकायला होतं, पण रोख श्रद्धेवर नाही, तिच्या नावाने हातात छडी घेणाऱ्यांवर आहे.

मृत्यू हे पात्र पण जबरदस्त टिकलंय. सांगाडा, काळा झगा, हातात विळा, आणि घोड्याचं नाव बिंकी. त्याला मांजरं आवडतात, करी आवडते. पहिल्या पुस्तकात तो नुसता चिडका आणि खुनशी आहे. 1987च्या 'मॉर्ट'पर्यंत तो माणसांविषयी कुतूहल असलेला, थोडा एकटा असा कुणी झालाय. त्याच्या घरी प्रत्येकाच्या आयुष्याचं पुस्तक आपोआप लिहिलं जातं, म्हणजे चित्रगुप्ताची नोकरी गेली! तो इंग्रजीत बोलतो ते छोट्या कॅपिटल अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय. देवनागरीत कॅपिटल नाहीतच, त्यामुळे मराठीत कुणी हे आणायचं ठरवलं तर त्या आवाजाचं काय करेल याचा मी फार विचार केलाय. उत्तर नाही मिळालं.

आता न टिकलेलं. 'इंटरेस्टिंग टाइम्स' (1994) मध्ये चीन आणि जपान एकत्र कालवून एक साम्राज्य बनवलंय. अतिनम्र क्रांतिकारक, हुकूम मिळेपर्यंत न हलणारी प्रजा. प्रॅचेटचा रोख हुकूमशाहीवर आहे हे कळतं, पण पानोपानी विनोद 'हे लोक कसे विचित्र' इथेच येऊन थांबतो. जुन्या इंग्रजी कथांमधला पगडीवाला विनोदी भारतीय ज्यांनी वाचलाय त्यांना ही चव ओळखीची वाटेल. मी पूर्वी हे पुस्तक आवडीने वाचलं होतं, आणि तेव्हा काही खटकलं नव्हतं. तेही सांगून टाकतो.

आणि एक बोलायला अवघड गोष्ट. डिसेंबर 2007 मध्ये प्रॅचेटने जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर्सचा एक दुर्मिळ प्रकार झालाय. टाइप करणं जमेना, तेव्हा तो सांगून लिहू लागला. 2015च्या मार्चमध्ये गेला. 'रेझिंग स्टीम' (2013) या काळातलं. पात्रं लांबलचक भाषणं देतात, एरवी दोन शब्दांत धाक घालणारा व्हेटिनारी बडबड्या वाटतो, कथा रुळावरून पुढे जाते पण डबे सुटे पडतात. माझी आजी शेवटच्या वर्षांत गोष्ट सांगायची, तेव्हा सुरुवात पक्की असायची आणि मधले दुवे गळायचे. आम्ही ऐकत राहायचो. हे पुस्तक मी तसंच शेवटपर्यंत वाचलं. पण तुम्हाला वाचा म्हणणार नाही. आजाराबद्दल हळहळ वेगळी, पुस्तक चांगलं असणं वेगळं. आणि त्याच आजारपणातलं 'आय शॅल वेअर मिडनाइट' (2010) चांगलं उतरलंय, हेही खरं.

सगळ्यात वरचं? 'नाइट वॉच', 2002. व्हाइम्स तीस वर्षं मागे फेकला जातो, आपल्याच तरुणपणीच्या बंडात. पूर्वी वाचताना मी त्या कोवळ्या शिपायाबरोबर रस्त्यावरच्या अडथळ्यांमागे उभा होतो. यावेळी मात्र म्हाताऱ्या व्हाइम्सबरोबर, ज्याला घोषणांपेक्षा या गल्लीतली माणसं रात्री जिवंत घरी पोचली पाहिजेत याची काळजी आहे. पण यापासून सुरुवात करू नका, आधी माणसं ओळखीची व्हायला हवीत.

सुरुवात 'गार्ड्स! गार्ड्स!' (1989) पासून करा, किंवा 'स्मॉल गॉड्स'पासून, ते सुटं आहे. ऐकणारे असाल तर 2022 पासून आलेली नवी ऑडिओबुक्स बघा. या पुस्तकांत तळटिपांमध्येच निम्मी मजा असते, ती ऐकताना हरवते. नव्या आवृत्त्यांत तळटिपा बिल नायी वाचतो आणि मृत्यूचा आवाज पीटर सेराफिनोविचचा आहे. वेग 1.5 वर टाकू नका प्लीज, विनोद चुकतो.

बहिणीला यावेळी 'गार्ड्स! गार्ड्स!' दिलंय. तीन आठवडे झाले, अजून परत आलेलं नाही.