नकाराची बूज

एकामागून एक करावयाच्या कामांची जी लेखी आज्ञावली संगणकाच्या हाती सोपवलेली असते, तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. कचेरी ओस पडल्यावर दस्तऐवजांच्या नव्या नकला काढणे, जुन्या नकलांची विल्हेवाट लावणे, अशी कामे ती रात्री निमूटपणे उरकते. तिला मध्येच ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे ‘परवानगी नाही’, असा शेरा मिळाला, की पुष्कळजण त्यास वाटेतला खोडा समजतात. वस्तुतः तो दप्तराच्या राखणदाराने दिलेला इशारा असतो, आणि त्याची बूज राखणे हा आज्ञावली लिहिणाऱ्याचा पहिला धर्म होय.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्या परंपरेत मालक, गट आणि इतर अशा तीन वर्गांना वाचणे, लिहिणे व चालवणे हे अधिकार निरनिराळे बहाल केलेले असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालवण्याचा १ अशी त्यांची मोजणी असल्यामुळे, ६४० या आकड्याचा अर्थ मालकाने वाचावे-लिहावे, गटाने नुसते वाचावे आणि इतरांस मज्जाव, असा होतो. फोल्डरच्या बाबतीत मात्र ‘चालवणे’ म्हणजे आत पाऊल टाकण्याची मुभा.

आता दोनच ओळींची एक स्क्रिप्ट पाहा: ‘जुन्या नकलांच्या फोल्डरमध्ये जा’ ही पहिली आज्ञा, ‘येथील सर्व फायली पुसून टाक’ ही दुसरी. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर ती बिनबोभाट चालते; परंतु रात्री ज्या खात्याच्या नावाने ती चालते, त्यास त्या फोल्डरात प्रवेश नसला, तर पहिली आज्ञा फसते, आणि वेगळे काही बजावलेले नसल्यास शेल त्रुटीचा शेरा मारून सरळ दुसऱ्या ओळीकडे वळते; मग ते ज्या फोल्डरात उभे असेल, तेथील दस्तऐवज पुसले जातात.

यावरचा उपाय अगदी लहान आहे. प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते: शून्य म्हणजे कार्यसिद्धी, अन्य कोणताही म्हणजे अपयश; फाइल सापडली परंतु ती चालवण्याचा अधिकार नाही, तर १२६. पहिल्या आज्ञेपुढे दोन उभ्या रेघा ओढून ‘एक्झिट १’ लिहिले, की अपयश येताच स्क्रिप्ट तेथल्या तेथे थांबते. अधिकार आधी तपासून पाहणे इष्टच. तथापि तपासणी आणि कृती यांच्या दरम्यान परिस्थिती पालटू शकते, म्हणून अखेरचा दाखला त्या आकड्याचाच मानावा.

घायकुतीला येऊन ७७७ हा आकडा लावला आणि सर्वांस सर्व अधिकार देऊन टाकले, तर शेरा नाहीसा होतो खरा, पण त्याबरोबर राखणही उठते. त्यापेक्षा रात्रीच्या त्या खात्यास नेमका लागेल तेवढाच अधिकार द्यावा, आणि त्रुटीचा मजकूर दडपून न टाकता नोंदवहीत उतरवावा. सकाळी ती वही उघडणाऱ्यास काम कोठे अडले हे एका ओळीत उमगते, आणि दस्तऐवज जागच्या जागी असतात.