सोडून आलेल्या गावाचं नाव

मायक्रोफिल्मचं यंत्र फिरवायला हाताला एक सवय लागते. जोरात फिरवलं तर पन्नास वर्षं डोळ्यांसमोरून पळत जातात आणि गाडी लागल्यासारखी मळमळ होते. हळू फिरवलं तर सगळी दुपार एका गावात, एका पाद्र्याच्या अक्षरात संपते. नॉटिंगहॅमच्या अभिलेखागारात, किल्ल्याच्या टेकडीखाली, मी अशा बऱ्याच दुपारी घालवल्या. शोधत होतो एकच आडनाव: ॲटनबरो.

सतराव्या शतकातलं अक्षर आपल्या मोडीसारखंच असतं. पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही लागत नाही. 'ई' उलटा लिहिलेला, 'एस' लांबलचक आणि हुबेहूब 'एफ'सारखा, 'विल्यम'चं 'डब्ल्यू' आणि वर चिकटवलेला 'एम' एवढंच. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, निवृत्तीनंतर इथे फुकट काम करणाऱ्या एका बाईंनी मला एक युक्ती सांगितली. शब्द वाचायला जाऊ नका, आधी त्या माणसाचा 'अमुकचा मुलगा' कसा दिसतो ते ओळखा. तो दर ओळीत येतो, त्यावरून त्याची सगळी मुळाक्षरं मिळतात. मिळाली. आणि मग लक्षात आलं, की आडनाव म्हणजे स्थिर काहीतरी असतं हा माझाच गैरसमज होता. एकाच बापाच्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. एका नोंदीत आडनावाच्या शेवटी ओ-यू-जी-एच, तीन वर्षांनी दुसऱ्या नोंदीत ओ-डब्ल्यू. बापाला बहुधा लिहिता येत नव्हतं. त्याने तोंडाने सांगितलं, पाद्र्याने कानाला पटेल ते लिहिलं.

हेच आडनाव का, याला तसं कारण साधंच. मी लेस्टरला राहतो. इथल्या विद्यापीठात अठरा मजली ॲटनबरो टॉवर आहे. १९३२ ते १९५१ या काळात तेव्हाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य असलेल्या फ्रेडरिक ॲटनबरो यांच्या नावाचा. त्यांचे दोन मुलगे जगाला माहीत आहेत: प्राण्यापक्ष्यांचा डेव्हिड आणि सिनेमावाला रिचर्ड. आम्हा मराठी माणसांना रिचर्ड जास्त जवळचा, कारण १९८२ च्या 'गांधी'मुळे कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं आणि आपल्या घराघरांत ॲटनबरो हा शब्द शिरला. लहानपणी मला वाटायचं, इंग्लंडात पाटील-कुलकर्ण्यांसारखे ॲटनबरो गल्लोगल्ली असतील. प्रत्यक्षात हे आडनाव दुर्मीळ आहे. ब्रिटनमध्ये स्मिथ पाच लाखांच्या वर. त्यांच्यासमोर ॲटनबरो म्हणजे एखाद्या लग्नाच्या पंगतीएवढे म्हटलं तरी फार खोटं होणार नाही.

दुसरं कारण माझ्याकडचं आहे. मी मिरजकर. आमच्या घरात मिरजेला राहिलेला शेवटचा माणूस म्हणजे माझे पणजोबा, आणि तेही तिथे होते तोवर मिरजकर नसावेत. मिरजेत राहून कुणाला मिरजकर म्हणून काय उपयोग? सगळेच मिरजेचे. गाव सोडून दुसरीकडे बस्तान बसवल्यावरच लोक विचारतात, हे कुठले? मग 'कर' चिकटतो. ॲटनबरोचंही तसंच. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठावर ॲटनबरो नावाचं गाव आहे. तिथून उठून चार कोसांवर गेलेल्या कुणाला तरी तेराव्या-चौदाव्या शतकात शेजाऱ्यांनी ते नाव दिलं असणार. तेव्हा आडनावाच्या नकाशावर जे ठिपके दिसतात ती गावातली मुळं नव्हेत, गावातून बाहेर पडलेल्या वाटा आहेत. हे डोक्यात पक्कं बसायला मला सहा महिने लागले, आणि माझं स्वतःचं आडनाव असं असून.

पण थांबा. हे गावावरूनच आलं कशावरून?

गावाचं नाव बाराव्या शतकातल्या कागदांत 'आदिनबुर्खा'च्या जवळपास जाणाऱ्या रूपात येतं. 'आद्दा' किंवा तत्सम नावाच्या सॅक्सन माणसाची तटबंदीची वस्ती, असा त्याचा अर्थ लावतात. मात्र मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन' याचा अर्थ '...च्या पाशी' असाही होता. 'ॲटन बर्ग' म्हणजे गढीपाशी राहणारा. या 'ॲटन'ने इंग्रजी आडनावांत भलते खेळ केले आहेत. 'ॲटन ॲश', म्हणजे ॲशच्या झाडापाशी राहणारा, याचा 'न' पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'नॅश' हे आडनाव तयार झालं. 'ॲटन ओक्स'चा झाला 'नोक्स'. मग गढ्या तर गावोगाव होत्या. प्रत्येक गढीपाशी एक ॲटनबरो निपजला असेल, तर हे आडनाव इंग्लंडभर विखुरलेलं दिसायला हवं. इथून खरं काम सुरू होतं.

पाया १८८१ च्या जनगणनेचा. त्या वर्षी ३ एप्रिलच्या रात्री कोण कुठे झोपलं होतं, ते इंग्लंड आणि वेल्समधल्या गणनाधिकाऱ्यांनी घरोघर जाऊन वह्यांत उतरवलं. सगळ्याच्या सगळ्या वह्या पुढे शंभर वर्षांनी हजारो हौशी स्वयंसेवकांनी हाताने नकलून काढल्या. आज आपण कळ दाबतो आणि यादी येते ती त्यांच्या जिवावर. यादी येते, पण भोळी नसते. आपण ॲटनबरो टाइप केलं तर फक्त तेवढेच येतात. म्हणून 'साउंडेक्स' नावाची पद्धत वापरायची. १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं गेलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे, उरलेल्या व्यंजनांना आवाजाप्रमाणे आकडे द्यायचे. ॲटनबरोचा सांकेतिक आकडा येतो ए-३५१, आणि ॲटनबरोचे सगळे वेडेवाकडे अवतार, -बॅरो, -बरी, त्याच आकड्याखाली येऊन उभे राहतात. त्यांच्यासोबत भलतेसलतेही येतात. ते हाताने वेचायचे, तांदळातले खडे वेचावेत तसे.

मूळ वहीचं पान उघडायचा आळस मी सुरुवातीला केला आणि तोंडघशी पडलो. गणनाधिकारी आडनाव फक्त कुटुंबप्रमुखाचं लिहायचा. खाली बायकोमुलांपुढे नुसतं 'वरीलप्रमाणे'चं चिन्ह. नक्कल करणाऱ्याची एक ओळ चुकली तर अख्खं कुटुंब शेजाऱ्याच्या आडनावात जातं. माझ्या यादीतून असे पाच जण गळले आणि दुसरीकडून दोन परत मिळाले. वहीत धंद्याचा रकानाही असतो, तो मला आडनावापेक्षा गोड वाटायला लागला. 'एफ. डब्ल्यू. के.' ही तीन अक्षरं या भागात पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणजे हातमागासारख्या चौकटीवर पायमोजे विणणारा. हे यंत्र १५८९ मध्ये नॉटिंगहॅमशरच्याच विल्यम ली याने काढलं होतं. घरातच चौकट, घरातच कारखाना. अशा माणसाला गाव सोडायची फारशी गरज नसते.

मग मोजणी, आणि मोजणीतली फसगत. नुसती संख्या नकाशावर टाकली तर लंडन गडद दिसतं. कुठलंही आडनाव टाका, लंडन गडदच दिसेल, कारण तिथे माणसंच इतकी. म्हणून दर लाख लोकसंख्येमागे किती, हे काढावं लागतं. ते काढलं आणि लंडन एकदम फिकं पडलं. नॉटिंगहॅमशर-डर्बीशरची सरहद्द शाई सांडल्यासारखी काळी झाली. त्यातही डर्बीशरकडचा शार्डलो हा नोंदणी विभाग मला चकवून गेला. म्हटलं, नॉटिंगहॅमशरचं आडनाव डर्बीशरमध्ये कसं काय एवढं? त्या बाईंना नकाशा दाखवला. त्या हसल्या. गरिबांच्या मदतीसाठी जे विभाग पाडले गेले, त्यांनी जिल्ह्यांच्या हद्दी मानल्याच नव्हत्या; शार्डलोत नॉटिंगहॅमशरमधली चिलवेल, स्टेपलफर्ड अशी गावंही होती, अगदी ॲटनबरो गावाच्या शेजारची. एका सरकारी रेषेने माझा सिद्धांत तीन दिवस उलटा टांगून ठेवला होता.

या कामाला जुनी परंपरा आहे. १८९० मध्ये हेन्री ब्रौम गपी या गृहस्थाने ब्रिटनमधल्या आडनावांची घरं शोधणारं पुस्तक छापलं. ना संगणक, ना जनगणना. त्याने व्यापारी निर्देशिकांतले फक्त शेतकरी मोजले. का, तर जमिनीला बांधलेला माणूस सगळ्यात कमी हलतो. मला ही कल्पना अजूनही भारी वाटते.

१८८१ च्या आधी आणि नंतर नकाशा कसा बदलला, हे पाहताना कारणं आपोआप वर येतात. १६६२ च्या वसाहत कायद्याने गरीब माणूस आपल्या पॅरिशबाहेर आधाराला आला तर त्याला परत मूळ जागी धाडता येत असे. त्यामुळे शतकभराहून जास्त काळ या आडनावाच्या उड्या पाच-दहा मैलांच्याच राहिल्या. लग्नं शेजारच्या गावात, कामं शेजारच्या खाणीत. १८३९ मध्ये नॉटिंगहॅम-डर्बी रेल्वे सुरू झाली, तिचे रूळ ॲटनबरो गावाला खेटूनच गेले. पुढे लेस आली, तिचे कारखाने बीस्टन, लाँग ईटन, स्टेपलफर्डला. फ्रेडरिक ॲटनबरो १८८७ मध्ये जन्मले ते स्टेपलफर्डलाच. म्हणजे आडनाव पडल्यानंतर पाचेकशे वर्षांनी हे घराणं मूळ गावापासून तासा-दीड तासाच्या पायवाटेवर होतं. तिथून पुढच्या एका पिढीत लेस्टर, लंडन, आणि टीव्हीतून सगळं जग.

लंडनमधले ॲटनबरो ही वेगळीच गंमत. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथे हे नाव गहाणवटीच्या दुकानांमुळे गाजलेलं होतं. चान्सरी लेन आणि फ्लीट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जॉर्ज ॲटनबरो अँड सन ही पेढी होती. तीन सोनेरी गोळ्यांची पाटी, आत लोकांची घड्याळं आणि चांदीची भांडी. मृत्युपत्राच्या एका व्यवस्थापकाने चांदी गहाण टाकल्याचा, ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन, हा खटला पार हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला; १९१३ च्या न्यायनिवाड्यांत छापलेला तो निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. इंग्रज माणूस गहाण टाकायला जाताना 'काकाकडे जातो' म्हणायचा. काका बरेचदा ॲटनबरो असायचे.

पण एक गाव की अनेक गढ्या, हा प्रश्न कागदाने सुटत नाही. कागद चौदाव्या शतकाच्या अलीकडेच विरळ होत जातात. इथे लेस्टर पुन्हा मदतीला आलं. १९८४ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशाची पद्धत सापडली ती याच विद्यापीठात, आणि इथेच टूरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी आडनावं आणि वाय गुणसूत्र यांचा ताळा घालून पाहिला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, इंग्लंडातलं आडनावही तसंच. २००९ मध्ये त्यांनी ४० आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथांचे वाय वाटेल तितक्या प्रकारचे; लोहार काय प्रत्येक गावात असतोच. ॲटनबरो मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त एकाच किंवा जवळजवळ एकाच प्रकारचे. उरलेल्यांत दत्तक, आईचं नाव लावलेली मुलं, आणि ज्याबद्दल घरात बोलत नाहीत अशा गोष्टी.

मी लगेच निकाल देऊन टाकला: एकच पूर्वज, गाव जिंकलं, गढ्या हरल्या. पण इतकं सोपं नाही. सातशे वर्षांत बहुतेक घराण्यांच्या पुरुष-ओळी आपोआप बुजतात. एका पिढीत फक्त मुली झाल्या, एक साथ आली, एक मुलगा समुद्रात बुडाला, की संपलं. १८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने हाच प्रश्न गणितज्ञांपुढे टाकला होता, आडनावं नष्ट का होतात म्हणून. हेन्री वॉटसनसोबत त्याने मांडलेलं गणित आज अणुविज्ञानापासून साथरोगांपर्यंत वापरतात. म्हणजे सुरुवातीला पाच ॲटनबरो असतील आणि चौघांच्या ओळी विझल्या असतील, तरी आज आपल्याला एकच दिसेल. उलटही घडतं. याच चमूला २००७ मध्ये यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या अठरा पुरुषांपैकी सातजणांत पश्चिम आफ्रिकेशी नातं सांगणारं वाय गुणसूत्र मिळालं. सगळे गोरे, सगळ्यांना आपण पिढीजात यॉर्कशरचे हे माहीत. आडनाव खरं, गावही खरं, आणि तरी मध्ये कुणी आफ्रिकेतून आलेला माणूस.

तरीही, वायचा दाखला आणि १८८१ चा काळा डाग एकाच जागी पडतात, तेव्हा माझं माप गावाकडे झुकतं. अनेक गढ्यांपैकी वाचलेली एकुलती एक ओळ नेमकी ॲटनबरो गावाच्याच अंगणात सापडावी, हा योगायोग मला पचत नाही.

शेवटी एका शनिवारी गावच पाहायला गेलो. एक छोटं स्टेशन, पलीकडे पाणीच पाणी. १९२९ पासून नदीकाठची वाळू-खडी उपसून उपसून तळी झाली, त्यांत पक्षी आले, आणि १९६६ मध्ये पक्ष्यांच्या राखीव क्षेत्राचं उद्घाटन करायला डेव्हिड ॲटनबरो आले होते. आडनावाचा माणूस नावाच्या गावाला पाहुणा म्हणून. सेंट मेरी चर्चमध्ये गेलो. क्रॉमवेलचा जावई, सेनापती हेन्री आयर्टन याचा बाप्तिस्मा १६११ मध्ये इथलाच. दारापाशी उंच टेबलावर पाहुण्यांची वही उघडी होती, दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन. दोन रकाने: नाव आणि गाव. मी आधी सवयीने मागची सगळी पानं चाळली, ॲटनबरो कुणी येऊन गेले का म्हणून. मग माझी ओळ भरली. मिरजकर, लेस्टर.