खाऱ्या सरोवराकाठची गोडी बेटे

भूगोलाच्या पुस्तकात बेटाची व्याख्या सोपी असते : चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. ओढ्यातल्या दगडाखाली राहणाऱ्या किड्याला विचारले, तर त्याची व्याख्या नेमकी उलटी निघेल. त्याचे बेट म्हणजे चारही बाजूंनी कोरड्या जमिनीने वेढलेले पाणी. आणि हा ओढा समुद्रातल्या एखाद्या बेटावर असेल, तर बिचारा किडा बेटावरच्या बेटावर राहतो.

अशा किड्यांपैकी कॅडिसमाशीची ओळख आधी करून घेऊ. ही खरी माशी नव्हे. पतंगाची ही चुलत बहीण. फरक एवढाच, की पतंगाच्या पंखांवर खवले असतात, हिच्या पंखांवर बारीक केस. जगभरात तिच्या सोळा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. तिची अळी पाण्यात वाढते आणि तोंडाजवळून रेशमी धागा काढते. त्या धाग्याने वाळूचे कण, काड्या किंवा पानांचे तुकडे जोडून ती अंगाभोवती नळी बांधते. बाभळीवर काटक्यांची पिशवी घेऊन हिंडणारी अळी मुलांनी पाहिलेली असते. हा प्रकार त्यासारखाच, फक्त पाण्याखालचा. काही जाती घर न बांधता दगडांच्या फटीत जाळे विणतात आणि प्रवाहाबरोबर येईल ते खातात. प्रौढ माशी मात्र नाजूक. बहुतेक जातींत तिचे आयुष्य काही दिवसांचे किंवा फार तर काही आठवड्यांचे.

अशा माशीने समुद्र कसा ओलांडावा? बहुधा ओलांडतच नाही. हवाई बेटे अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहेत. तिथे धो धो पाऊस आहे, बारमाही ओढे आहेत. पण मूळची कॅडिसमाशी एकही नाही. आज दिसतात त्या विसाव्या शतकात बाहेरून आलेल्या. उलट टाचणीचा (चतुराच्या बारीक अंगाच्या भावंडाचा) एक पूर्वज तिथे कधीतरी पोचला आणि मोकळ्या जागा पाहून त्याच्या वंशजांच्या वीसहून अधिक जाती झाल्या. काहींची पिल्ले पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात वाढतात. एका जातीची तर ओल्या पाचोळ्यात, चक्क जमिनीवर. श्रीलंकेची गोष्ट वेगळी. हिमयुगात समुद्राची पातळी उतरली तेव्हा ती भारताला जमिनीने जोडली गेली होती, आणि तिथे कॅडिसमाशीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत.

समुद्र न जुमानणारेही आहेतच. पावसाळ्याच्या शेवटी कापसा-सोयाबीनच्या शेतांवर घिरट्या घालणारा पिवळसर-तांबूस चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, हा हवाईतही मिळतो. भारतातून मालदीवमार्गे हे चतुर आफ्रिकेकडे जात असावेत, असा पुरावा २००९ मध्ये मांडला गेला. त्याच्या पिल्लांना पावसाचे तात्पुरते डबकेही पुरते. कॅडिसमाशीच्या बहुतेक जातींना ते चालत नाही.

आता लोणारकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर उल्कापाताने झालेले, बेसाल्टच्या खडकात कोरलेले. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयाबद्दल एकमत नाही : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने सुमारे पाच लाख सत्तर हजार. विवराच्या कडेला गोड्या पाण्याचे झरे आहेत. गोमुखाची धार, सीतान्हाणी, रामगया ही त्यांतली ठाऊक नावे. हे पाणी तळाच्या सरोवराकडे जाते. सरोवरातून बाहेर पडणारी नदी नाही. पाणी वाफेने उडते, खडकातून झिजून आलेले क्षार मागे राहतात. त्यामुळे सरोवराचा सामू दहाच्या आसपास मोजला जात आला आहे. सामूचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, हे इथे मुलांना जरूर सांगावे. गेल्या काही दशकांत सरोवराचा खारेपणा कमी होत आल्याचेही दिसते.

म्हणजे काही शे मीटरच्या अंतरात गोडे वाहते पाणी आणि सोड्याचे साचलेले पाणी शेजारी आहेत. इथे अंतराची अडचण नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातले ओढे जवळ आहेत आणि विवराचा काठ उडणाऱ्या किड्याला अवघड नाही. अडचण रसायनाची आहे. मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तसेच ओढ्यातल्या अळीच्या शरीराचे सरोवरात होईल. गोड्या पाण्यातल्या किड्याच्या अंगात बाहेरून पाणी शिरत असते आणि ते सतत बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे असते. खाऱ्या पाण्यात नेमके उलटे काम करावे लागते. ते जमणारे कीटक थोडे. कॅलिफोर्नियातल्या मोनो या अशाच क्षारीय सरोवरातल्या एका माशीच्या अळीत कार्बोनेटचा चुना बनवून साठवणारी ग्रंथी आहे. कॅडिसमाश्यांमध्ये ही विद्या काही मोजक्याच जातींना आली आहे.

ओढ्यातल्या अळ्या अधूनमधून प्रवाहाबरोबर खाली वाहतात, आणि अनेक जातींच्या माद्या वरच्या बाजूला उडून अंडी घालतात. लोणारच्या ओहळात खाली वाहून गेलेल्याला परतीची वाट नाही. झऱ्याची जिवंत लांबी संपली, की बेट संपले.

म्हणून झऱ्यावर काय होते याला महत्त्व आहे. धारेसारख्या ठिकाणी माणसे आंघोळ करतात, कपडे धुतात. साबणाने काय बिघडते ते वर्गात दाखवता येते. वाटीभर पाण्यावर सुई अलगद तरंगत ठेवा आणि कडेला साबणाचा थेंब टाका, सुई बुडेल. ज्या ताणावर ती तरंगत होती, त्याच ताणावर पाण्यावर चालणारे किडे चालतात आणि कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अनेक माश्या पंख वाळवतात. २०२० च्या जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी झाली, त्याच वर्षी ते रामसर यादीतही आले. ओहळातले किडे कमी झाले तर बातमी होणार नाही. आम्हांला यात शिक्षकांचे काम दिसते.

लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे, तिथून काही उचलू नये. गावचा ओढा पुरे. पैनगंगा, नळगंगा, ज्ञानगंगा यांना मिळणाऱ्या एखाद्या ओढ्यावर ऑक्टोबरपासून दर महिन्याला त्याच जागी दहा दगड उलटून पाहावेत. नळ्या आणि जाळी मोजावीत, पाणी वाहते की साचलेले ते लिहावे आणि दगड होते तसे ठेवावेत. उन्हाळ्यात ओढा आटला, तर उरलेल्या डोहात कोण आहे तेही पाहावे. पुढच्या पावसात सगळा ओढा बहुधा तिथूनच भरतो. प्रौढ माश्या पाहायच्या असतील, तर संध्याकाळी काठावर पांढरे धोतर ताणून मागे दिवा ठेवावा. तासाभराने दिवा आधी विझवावा, थोडा वेळ थांबावे आणि मगच धोतर काढावे, म्हणजे बसलेल्या माश्या ओढ्याकडे परत जातात.