कुपी म्हणजे छोटी विहीर

अत्तराची कुपी आपल्या ओळखीची. पण २०२१ साली वर्तमानपत्रांत 'लशीच्या कुप्या' हे शब्द रोज येऊ लागले आणि मी शब्दकोश उघडला. संस्कृतात 'कूप' म्हणजे विहीर. त्यावरून 'कूपी', म्हणजे छोटी विहीर आणि बाटलीसुद्धा. अरुंद तोंड, आत खोली, तळाशी द्रव!

औषधाशी तिचे नाते जुने आहे. आयुर्वेदात पारा-गंधकाची कज्जली काचेच्या कुपीत भरतात, कुपीवर माती माखलेल्या कापडाचे ७ थर देतात आणि ती वाळूत ठेवून तापवतात. मकरध्वज असाच होतो. या औषधांना 'कूपीपक्व' म्हणतात. कुपीची मैत्रीण 'शिशी' मात्र फारसीतल्या 'शीशा'वरून, म्हणजे काचेवरून आली.

कोविशील्डच्या कुपीत १० मात्रा असत आणि उघडल्यावर ती ४ तासांत संपवावी लागे. म्हणून आमच्या केंद्रावर १० माणसे जमेपर्यंत थांबत. एकेकाळी आपल्याकडे विहिरीवर जात पाहून पाणी मिळे. या छोट्या विहिरीपाशी मात्र माझ्या मागेपुढे कोण उभे आहे, हे कोणीच विचारले नाही.