चोप वर जातो तेव्हा
(लेखमाला : घरातला स्टुडिओ, भाग ६)

मागच्या भागात आपण आठ बारचा लूप बांधला. त्यानंतर आमच्या माळशिरसमधल्याच एका पोरानं त्याचं 'गाणं' मला ऐकवलं. हलगी, तिच्याखाली जाडजूड बास, वर पेटीची चार सुरांची सुरावट. पहिले वीस सेकंद मान आपोआप हलत होती. चाळिसाव्या सेकंदाला मी चहात साखर ढवळत होतो. दीड मिनिट झालं तेव्हा त्यानंच विचारलं, "काका, पुढं ढकलू का?" गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांचं होतं आणि तोच लूप त्यात बारा वेळा होता.

हा आजार सगळ्यांना होतो, मलाही झालेला आहे. आठ बार जमवायला तीन रात्री जातात आणि त्या तीन रात्रींत आपण त्यांच्या प्रेमात पडतो. मग लूपचं टोक माऊसनं धरायचं आणि उजवीकडं ओढत न्यायचं, एवढंच काम उरतं. ऐकणारा मात्र त्या तीन रात्री जागलेला नसतो. त्याचा कान फार व्यवहारी असतो. न बदलणारा आवाज तो थोड्याच वेळात ऐकायचा सोडून देतो. विहिरीवरची मोटार दिवसभर घरघरते, कुणाच्या लक्षातही नसते. ती बंद पडली की मात्र शिवाराच्या दुसऱ्या टोकाचा माणूसही मान वर करून बघतो.

याचा अर्थ पुनरावृत्ती वाईट असा नाही. तबल्याचा एकल कार्यक्रम आठवा. पेटीवाला किंवा सारंगीवाला एक लेहरा धरतो. तीच धून, तीच सम, तासभर. शुद्ध लूपच म्हणायचा, फक्त माणसानं वाजवलेला. तरी कुणी कंटाळत नाही, कारण त्या स्थिर धुनेवर तबलजी पेशकार मांडतो, कायदा उलगडतो, रेला धावडवतो आणि चक्रदार घेऊन समेवर येतो. लेहऱ्याचं काम आपल्याला जागा दाखवत राहण्याचं, म्हणजे तबला किती लांब गेला आणि कुठून परत आला हे कळतं. तुमच्या गाण्यातही एक गोष्ट लेहऱ्यासारखी राहू द्या. बाकीच्यांनी हलत राहायचं. पोराच्या गाण्यात सगळेच लेहरा धरून बसले होते, तबला कुणीच वाजवत नव्हतं.

लूपवर बांधलेलं, जगभर गाजलेलं गाणं हवं असेल तर बी जीज या बँडचं १९७७ सालचं 'स्टेइन अलाइव्ह' घ्या. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग चालू असताना त्यांच्या ड्रमरला घरच्या आजारपणामुळं जावं लागलं. तंत्रज्ञांनी त्यांच्याच 'नाइट फीव्हर' या गाण्याच्या टेपमधून दोन बार कापले, टेपची टोकं जोडून कडी केली आणि ती फिरवत ठेवली. त्या गाण्याचा ठेका तो एवढाच, मिनिटाला सुमारे १०३ ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याच्यावरचं गिटार, तंतुवाद्यं, ब्रास आणि आवाज येतात, जातात, दाटतात, विरळ होतात. पुन्हा ऐकाल तेव्हा ठेका सोडून बाकीच्या वाद्यांवर कान ठेवा.

पण एवढ्या लांब जायचं कारण नाही. ज्ञानोबांच्या पालखीचं गोल रिंगण आपल्याकडं पुरंदावडे-सदाशिवनगरला होतं, दुसऱ्या दिवशी खुडूसला. तुकोबांच्या पालखीचं अकलूजला. लहानपणापासून आपण ते बघतो, पण 'मांडणी' म्हणून कधी बघत नाही. मैदान आखलेलं, मधे पालखी, भोवती लाखांची गर्दी. सगळ्यांना बघायचाय तो अश्व. त्याचं धावणं काही मिनिटांत आटोपतं. तो पहिल्यांदा सोडला तर लोक पाचव्या मिनिटाला जेवायला पांगतील. आधी पताकावाले धावतात. मग डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया. मग विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले. प्रत्येक फेरीला एकच नवा थर, आणि तो आला की मैदानाचा श्वास थोडा वर चढतो. मग अश्व. त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. आणि त्यानंतरही खेळ लगेच मोडत नाही. टाळ-पखवाजांवर उड्या सुरू होतात, चढलेला जोर खेळून उतरवला जातो.

आता आपल्या पोराचं गाणं या रिंगणाशेजारी ठेवा. त्यानं पहिल्या सेकंदाला अश्व सोडला होता, आणि तोच अश्व बारा फेऱ्या मारत होता.

तर कामाला लागू. आधी हिशोब. वेग मिनिटाला १०० ठोके असेल आणि बारमध्ये चार ठोके, तर एक बार २.४ सेकंदांचा. तबलजींच्या भाषेत केहरव्याचं एक आवर्तन समजा. आठ बार म्हणजे १९ सेकंदांच्या आसपास. ७२ बार घेतले तर गाणं तीन मिनिटांना जरा कमी. एवढी जागा आपल्याला पुरे.

बहुतेकजण डावीकडून सुरू करून एकेक वाद्य वाढवत जातात आणि विसाव्या बारला अडकतात. मी उलटं करतो. लूपमधली सगळी वाद्यं ७२ बारभर पसरून टाकायची. टाइमलाइन भिंतीसारखी भरून गेली पाहिजे. मग खोडरबर घ्यायचं. पहिल्या आठ बारमधून हलगी आणि बास उडवा, पेटी एकटी राहू द्या. पुढच्या सोळा बारमध्ये, जिथं कडवं येणार, हलगी येऊ द्या, पण बास फक्त शेवटच्या आठांत. मग आठ बार ध्रुवपद, तिथं सगळे हजर. दुसरं कडवं पुन्हा सोळा बारचं. इथं नवशिके पहिल्या कडव्याची नक्कल चिकटवतात. निदान एक गोष्ट बदला. पेटीऐवजी तीच सुरावट तुणतुण्यासारख्या एखाद्या तारेवर द्या, नाहीतर हलगीच्या जागी नुसती टाळी. पुन्हा ध्रुवपद. मग आठ बारची मोकळी जागा, तिच्याकडं आत्ता येतो. शेवटचं ध्रुवपद सगळ्यात भरलेलं, आणि त्यासाठी एक थर तोवर राखून ठेवलेला असावा. खोडायला जिवावर येतं हे खरं. मला अजून येतं.

जोड कसे लपवायचे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आठव्या बारच्या शेवटच्या दोन ठोक्यांत हलगीचा एखादा तुकडा बदला, की कानाला कळतं दार उघडतंय. लावणीच्या बारीत कडवं संपलं की गाणारी थांबते आणि ढोलकी पुढं येते. ती ढोलकी जोडच लपवत असते आणि शिट्ट्याही तिलाच जास्त मिळतात. सॅम्पल पॅकमध्ये मिळणारा तो 'सूंऽऽ' करत चढणारा आवाज मात्र दर आठ बारला लावू नका. गावच्या प्रत्येक डीजेच्या ट्रॅकमध्ये तो असतो आणि आता कुत्रीसुद्धा त्याला भुंकत नाहीत.

आता ती मोकळी जागा. माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला येते तेव्हा तळावर समाज आरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एका वेळी वाजतायत, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप वर उचलतात. आणि सगळं थांबतं. हळूहळू नाही, एका क्षणात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. त्या शांततेत ते एवढे ठळक ऐकू येतात की चोपदारांना तिकडं जावंच लागतं. शेकडो दिंड्यांत आपलं म्हणणं पोचवायला आणखी मोठ्यानं वाजवून उपयोग नसतो. बाकीचे गप्प झाले की चार टाळ पुरतात, हे वारीनं कधीच ओळखलंय. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि आरती होते. त्या शांततेनंतर उठलेल्या पहिल्या आवाजाला जे वजन असतं, ते टाळांच्या गदारोळात त्याला मिळालंच नसतं.

स्टुडिओच्या भाषेत याला ब्रेक म्हणतात आणि त्यानंतर सगळं एकदम परत येतं त्याला ड्रॉप. गाण्यात हा चोप एकदाच वर करावा, फार तर दोनदा. त्या आठ बारमध्ये सगळं काढा, एकच तक्रारखोर वाद्य ठेवा. पेटी, नाहीतर नुसता श्वासासकट आवाज. शेवटच्या बारमध्ये तेही काढा. बास परत येतो तेव्हा तो पूर्वीइतकाच मोठा असतो, आवाजाची पट्टी तसूभरही हललेली नसते, तरी खोली भरल्यासारखी वाटते. आवाज वाढवून हे साधत नाही. वाढवून फक्त स्पीकर फाटतो.

या आठवड्याचा अभ्यास : 'झिंगाट' लावा. नाचू नका, वही घ्या. कितव्या सेकंदाला काय आलं आणि, त्याहून महत्त्वाचं, काय गेलं, ते लिहा. पानाच्या कडेला सेकंद, समोर वाद्याचं नाव. मग तोच कागद तुमच्या गाण्याशेजारी ठेवा. दुसऱ्याच्या सुरावटीला हात लावायचा नाही. फक्त येण्याजाण्याचं वेळापत्रक बघायचं.

परवा तो पोरगा परत आला. ७२ बार, बरंच खोडलेलं. ब्रेकच्या शेवटी त्यानं दोन बार साफ कोरे ठेवले होते, जवळजवळ पाच सेकंद. घरी मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा नेमक्या त्या जागी स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली म्हणे, "लाईट गेली का रे?" आणि तिचं वाक्य संपायच्या आत हलगी आली.

"दोन बार जास्त झाले का, काका?"

"एक कर," मी म्हटलं. "आणि आईला परत ऐकव."