जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क लावताना

परवा भाचा अकोल्याहून जुना लॅपटॉप घेऊन अमरावतीला आला. सुरू व्हायलाच पाच मिनिटं! हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवली.

खरी मेख पार्टिशनची. विंडोज विचारतं, एमबीआर की जीपीटी? एमबीआर ही 1983 पासूनची पद्धत: चारच प्रायमरी पार्टिशन, 2 टीबीची मर्यादा. पण जुनं बायोस असेल तर विंडोज एमबीआरवरूनच बूट होतं. यूईएफआय असेल तर बिनधास्त जीपीटी घ्या. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर लेगसी दिसलं, म्हणजे जुनं.

240 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 223 दिसते, घाबरू नका. मी 120 सी ड्राइव्हला दिले, बाकी डीला. विंडोज नव्याने टाकलं तरी डीवरचे फोटो शाबूत.

मात्र डी म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली की दोन्ही जातात. आधी बाहेर कॉपी घ्याच.

काही अडलं तर मॉडेल लिहून खाली विचारा.