दोन मजले आणि एक गोळी

सासूबाईंना सल्फाची गोळी चालत नाही, हे आमच्या घरात धाकट्या चिंटूलासुद्धा ठाऊक आहे. एका रुग्णालयातल्या संगणकाला मात्र ते ठाऊक नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, तो कारभार संगणकावर बसवणाऱ्यांत मी स्वतः होते!

त्याचे असे झाले. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांनी 'सल्फा वर्ज्य' अशी नोंद पूर्वीच केली होती. गेल्या पावसाळ्यात मूत्रमार्गाच्या विकारासाठी सासूबाईंना दाखल केले, तेव्हा वॉर्डातल्या पडद्यावर ती नोंद नव्हतीच. गोळी हातावर आली. सासूबाईंनी चष्मा लावून विचारले, "ही सल्फाची तर नव्हे ना गं?" म्हणून निभावले.

मी दुसऱ्या दिवशी तणतणत कचेरीत गेले. पाहते तो काय, चूक कोणा एकाची नव्हतीच! बाह्यरुग्ण विभागाचे काम आम्ही तिसऱ्या मजल्यावर केलेले, वॉर्डाचे पाचव्या मजल्यावरच्या मंडळींनी. दोघांनीही 'वर्ज्य औषधे' असा रकाना केला होता. पण मजल्यामजल्यांत बोलणे नव्हते, म्हणून रकान्यारकान्यांतही वाट नव्हती.

हे दुखणे जुनेच आहे. मेल्विन कॉन्वे या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'समित्या शोध कसे लावतात?' अशा अर्थाचा एक लेख लिहिला. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने तो साभार परत केला. एप्रिल १९६८ मध्ये तो 'डेटामेशन' मासिकात आला. त्याचे म्हणणे एवढेच, की माणसांच्या बोलण्याचालण्याची जी घडण, तीच त्यांच्या हातून होणाऱ्या वस्तूची. त्याने दाखलाही मोठा गमतीचा दिला आहे. एका संस्थेत आठ माणसे होती. पाचजणांना कोबॉल भाषेचे आणि तिघांना अल्गॉल भाषेचे भाषांतर यंत्राच्या भाषेत करणारी आज्ञावली रचायला बसवले. कोबॉलचे काम पाच टप्प्यांत चालू लागले, अल्गॉलचे तीन टप्प्यांत! पुढे फ्रेड ब्रुक्सने १९७५ च्या आपल्या पुस्तकात याला 'कॉन्वेचा नियम' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

गृहिणींना हे नवे वाटणार नाही. अबोला धरलेल्या दोन जावांनी मिळून एक आमटी केली, तर मीठ दोनदा पडेल, नाहीतर मुळीच पडणार नाही. कॉन्वे तर म्हणतो, कामाची वाटणी केली की आराखड्याचा काही भाग तेव्हाच ठरून जातो, मग पुढे कितीही हुशारी लढवा!

म्हणून उपाय उलट्या बाजूने करावा लागतो. वस्तू जशी हवी, तशी आधी माणसे बसवायची. मी साहेबांच्या मागे लागले. दोन्ही मजल्यांवरची दोन-दोन माणसे आणि वॉर्डातल्या एक अनुभवी सिस्टर, अशी पाचजणे एका टेबलाशी बसली. पहिले दोन दिवस भांडणातच गेले. मग सिस्टर म्हणाल्या, "तुमचे रकाने दोन असतील, पेशंट एकच आहे." आता ती नोंद एकाच जागी होते आणि प्रत्येक पडद्यावर तांबड्या अक्षरांत दिसते.

घरी येऊन मी हे सारे मोठ्या अभिमानाने सांगितले. सासूबाई वाती वळीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढेच होते, तर आधीच का नाही गं एकत्र बसलात?"

मला उत्तर सुचले नाही.